नारळ फुटल्यावर

सरपंचानं खोबऱ्याचा तुकडा वरूनच माझ्या हातात टाकला. म्हणाला, "घे, चघळ. तेवढंच तोंड बंद राहील."

सगळा पार हसला. माझे सासरे पाराखाली उभे होते. त्यांची खाली गेलेली मान मला अजून दिसते.

नवा जिल्हा झाला होता. लातूर आता आपला जिल्हा म्हणून गावानं गुलाल उधळला. प्यायला पाणी न्हाई आणि गुलाल! त्याच दुष्काळात आमच्या चाकूरकडच्या गावाला सरकारी हापसा मंजूर झाला. एकच. तो कुठं घ्यायचा, याची सभा मारुतीच्या पारावर. आमची बौद्धांची वस्ती ओढ्यापलीकडं. गावच्या आडावर आम्हाला चढू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर पाणी. माझी सासू त्यासाठी घागर घेऊन उन्हात बसायची, "वाढ गं माय, थोडं वाढ" करत. हापसा ओढ्याजवळ रस्त्यावर झाला असता तर गावानंबी हापसलं असतं, आम्हीबी. एवढंच मला म्हणायचं होतं.

सासरे म्हणाले, "तू सातवी शिकलीस. तूच बोल, माय."

शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, समोरच्याचं पुरतं ऐकावं, मग आपलं मांडावं. मी ऐकलं. सरपंच आणि त्याचा विरोधक, दोघं जमीनवाले, लई भांडले. पण काय अदबीनं! "साहेब, आपलं रास्त हाय, पण..." एकाला खोकला आला तर दुसरा थांबायचा. मला वाटलं, असं बोलतात तर! मग माझंबी ऐकतील. काय येडी होते मी.

आमच्या गावची रीत हाय. मारुतीपुढं नारळ फुटला की ठराव देवाच्या साक्षीनं झाला. मग कुणी बोलायचं न्हाई. मी पदर सावरून उठले. "सरपंचसाहेब, मला थोडं बोलायचंय." त्यानं माझ्याकडं बघितलं. बघत बघतच नारळ आपटला.

"ठरलं. हापसा माझ्या दारापुढं."

मग खोबरं वाटलं. पहिला तुकडा मला.

मी तो पारावर ठेवला. म्हणाले, "खोबरं नको. तुमचं मी ऐकलं. आता माझं ऐका."

"देवापुढं वाद घालती? बोलायचं वळणच न्हाई तुमच्यात!" तो म्हणाला. माणसं उठली, धोतरं झटकली, निघाली. मी बोलत राहिले. हापसा रस्त्यावर का पाहिजे, ते शेवटपर्यंत सांगितलं. ऐकायला सासरे तेवढे उरले. मला रडू फुटलं, तरी सांगितलं.

काही झालं न्हाई. हापसा त्याच्याच दारात. सासू त्याच्या अंगणाच्या कडेला घागर घेऊन बसायची, कुणी हापसून देईल म्हणून. तशी बसून बसूनच गेली बिचारी.

नंतर किती सभा झाल्या. रस्त्याची, दिव्यांची, शाळेच्या खोलीची. मी उठले की नारळ. आता त्याचा पोरगा सरपंच हाय. नारळ फोडायला हात बापासारखाच चालतो. माझ्या हयातीत हे बदलेल असं मला वाटत न्हाई.

पण मी शिवी देणार न्हाई. आवाज चढवणार न्हाई. तुकडा तर हातात घेणारच न्हाई. लोक उठू देत, पार रिकामा होऊ दे. मी पदर खोचून उभी राहते आणि म्हणते, "सरपंचसाहेब, आता माझं ऐका."

फोडा म्हणावं नारळ. माझं बोलणं तिथून सुरू होतं.