तिसऱ्या रांगेचा उलटा बाण

दार उघडून, हातात चहाचा कप घेऊन तुम्ही खाली उतरलात आणि पहिलंच पाऊल पाण्याच्या नळीवर पडलं, तर शिवी कुणाला घालाल?

नळीलाच घालाल, दुसऱ्या कुणाला! ती तिथे आली कशी, हे विचारायची आपल्याला सवयच नाही. तोटी फिरवली की पाणी येतं, बटण दाबलं की दिवा लागतो, इथे आपलं ज्ञान संपलं. मधल्या मातीत कुणाची हाडं झिजली याची आपल्याला पडलेली नसते.

गाडीघर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग आहे, ओटा आहे, न्हाणी आहे. सगळं टीचभर, पण आहे. पाणी आणि वीज मात्र बाहेरून घ्यावी लागते. म्हणून ही घरं जिथे मुक्काम करतात, त्या तळावर प्रत्येक जागेशी एक खांब असतो. खांबावर विजेचा सॉकेट, बुडाशी पाण्याची तोटी. यातली मेख अशी की गाडीघराचं दार नेहमी एका अंगाला आणि पाणी-विजेची तोंडं दुसऱ्या अंगाला. खांब दाराच्या बाजूला आला की संपलंच! नळी गाडीखालून ओढा, वायर पायरीवरून न्या, आणि म्हातारं माणूस अडखळून पडलं की तळाच्या नावाने बोटं मोडा.

अशाच एका नव्या तळावर हे खांब कुठे उभे करायचे ते ठरवायचं काम एका मिस्त्रीकडे आलं. आयुष्यभर त्याने पाइप आणि केबलच्या वाटा आखल्या. गाडीघरांचा तळ मात्र पहिलाच. शाळेने त्याला लवकर हाकललं होतं. नकाशा वाचायला तो काम करता करता शिकला. पण त्याच्या कामाची खरी गोम नकाशात नव्हतीच. ती होती बायकोत.

टेपचं एक टोक ती धरायची. शून्याचं. झाडांच्या कडेला, जिथे गाडीघराचं दार येणार तिथे ती उभी राहायची आणि चक्क नाटक करायची. "दार उघडलं. पायरी. ही माझी खुर्ची. हा चहा. आता अहो, तुम्ही पलीकडे व्हा आणि मारा खुंटी." तो टेप सोडत पलीकडे जायचा आणि पायाशी खुंटी ठोकायचा. त्या खुंटीवर खांब.

खोदणाऱ्यांचा मुकादम हसायचा. "वहिनी, चहा नुसता तोंडानेच का?"

"तुम्हाला पाजला तर उद्या जेवायलाच बसाल. खोदा गुपचूप!"

पहिल्या दोन रांगा अशा झाल्या. पाण्याचा चर वेगळा, विजेचा वेगळा, मध्ये चांगलं अंतर. शेवटच्या गाडीलाही धार नीट मिळावी म्हणून सुरुवातीचा पाइप जाड. संध्याकाळी सगळ्यांनी एकदम पाणी तापवायला घेतलं तरी दिवे मंद होऊ नयेत, एवढी केबल दमदार. हे सगळं त्याने बसवलं, आणि तिने प्रत्येक जागेवर उभं राहून वापरून पाहिलं, गाडी नसताना.

मग ती गेली. आजार असा काही नव्हता. दुपारी पडली ती उठली नाही.

मिस्त्री रडला नाही. लोक वाट बघत बसले, मग कंटाळून घरी गेले. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल कसा आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. जेवण पुढ्यात आलं तर जेवायचा. नाही आलं तर नाही. साइटवरच्या खोलीच्या दाराशी तिचे रबरी बूट होते. मुकादम झाडताना ते उचलायचा आणि झाडून झालं की जिथल्या तिथे ठेवायचा.

मुलगी शाळेची बस चालवते. तोंडाची फटकळ, आईवर गेलेली. ती म्हणाली, "बाबा, पुरे आता. माझ्याकडे चल."

"काम अर्धं आहे."

"तू तरी कुठे पुरा आहेस! कपभर दूध गॅसवर ठेवून विसरतोस आणि लोकांची वीज आखतोस. ऐक, एक चूक झाली ना, तर मी स्वतः येऊन तुझा टेप भंगारात घालीन. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. काम सुटलं तर दिवसभर करायला दुसरं काहीच नव्हतं. पण भीतीही वाटली नाही. तेही कुठेतरी लांब, दुसऱ्या कुणाच्या गालासारखं.

तिसरी रांग सगळ्यात देखणी होती. गाड्या एकामागे एक उभ्या राहणार, दारं झाडांकडे, खांब रस्त्याकडे. नकाशात तसंच होतं. पण खोदणारे नकाशा बघत नाहीत. ते खुंटी बघतात.

ती रांग त्याने एकट्याने आखली. मुकादमाने माणूस देऊ केला, तर नको म्हणाला. टेपचं शून्य धरायला कुणी नव्हतं, म्हणून तो झाडांच्या कडेला गेला, खिळा ठोकला, टेप अडकवला, अंतर मोजून आला. मग पुन्हा खिळ्यापाशी टेप सोडवायला गेला. तिथे उभा राहिला. आणि पायाशी खुंटी ठोकली. पुढच्या जागेवर तसंच, त्याच्या पुढच्याही. हाताला एवढंच ठाऊक होतं की आपण उभे असू तिथे खुंटी मारायची. खुंट्यांवरून त्याने फक्कीची पांढरी रेघ ओढली, नेहमीसारखी सरळ.

खोदताना मुकादम ओरडला होता, "मिस्त्री, मुळं लागतायत!"

"वळसा घाल."

एवढंच. मिस्त्रीने खुंटी मारली म्हणजे मारली, तिथे मुकादम काय बोलणार? चर बुजले. खांब उभे राहिले. प्रत्येक तोटी सोडून पाहिली, प्रत्येक सॉकेटला दिवा लावून पाहिला. सगळं चोख.

मग तळाच्या मालकीणबाईंचे थोरले भाऊ आपलं गाडीघर घेऊन आले. तळ उघडण्याआधी घरच्याच माणसाने एकदा वापरून बघावं म्हणून. रस्त्यावर रंगवलेल्या बाणाप्रमाणे वरच्या तोंडाने रांगेत शिरले, गाडी लावली, दार उघडलं. दार खटकन खांबावर आदळलं.

भाऊ त्या फटीतून मान बाहेर काढून म्हणाले, "मी आता खिडकीतून उतरू का?"

मुकादम एका खांबापासून दुसऱ्याकडे चालत गेला आणि खाली मान घालून परत आला. "सगळे तसेच आहेत, बाई."

"मिस्त्री, हे काय?" मालकीणबाईंचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "दोन रांगा सोन्यासारख्या केल्यात, आणि ही? आता सगळं पुन्हा खणायचं? चौथी आखायची आहे अजून. मी कुणाला सांगू?"

मिस्त्रीने खांबाकडे पाहिलं. चूक त्याला दिसली, अगदी स्वच्छ. लाज वाटायला हवी होती. तो थांबला, ती येते का बघत. आली नाही.

"दुसऱ्याला सांगा," तो म्हणाला.

मुकादमाने मुलीला फोन केला. पोरांना घरोघर सोडून ती रिकामी बस घेऊन थेट तळावर आली. सगळ्यांना वाटलं, आता ही बापाची शोभा करणार. तिने रांग पाहिली, बापाला पाहिलं.

"कुठे उभं राहून मारलीस रे खुंटी?"

त्याने दाखवलं.

ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली. तळ तिथून कसा दिसतो ते पाहिलं. पुढे झाडं. मागे रस्ता, त्याच्या पलीकडे मीटरच्या खोलीची भिंत.

"ही तर आईची जागा," ती म्हणाली.

"हो."

मुकादमाने उगाच चपलेने माती सारखी केली. मुलीने नाक ओढलं, कमरेवर हात ठेवले आणि ड्रायव्हरच्या आवाजात विचारलं, "ही रांग खालच्या बाजूने उघडी आहे का?"

"आहे," मुकादम म्हणाला.

"मग काका, गाडी काढा आणि खालून आत घ्या. तोंड फिरलं की दार रस्त्याकडे, नळी झाडांकडे. अरुंद वळणांवर तीस पोरांची बस रोज फिरवते मी, तुमची एक गाडी फिरत नाही होय?"

भाऊ कुरकुरत गाडी फिरवून आले. खांब बरोबर पाणी-विजेच्या तोंडापाशी आला. नळी जोडली, वायर जोडली, आतला दिवा लागला. दार उघडलं ते रस्त्याकडे. समोर मीटरच्या खोलीची भिंत.

"झाडं गेली," मालकीणबाई म्हणाल्या.

"झाडं आहेत तिथेच आहेत. मागच्या खिडकीतून बघतील."

मग मालकीणबाई मुकादमाला म्हणाल्या, "बाण उलटा रंगवून घ्या." आणि मिस्त्रीकडे न बघता, "चौथ्या रांगेचं काय करायचं, ते तुम्ही बापलेक ठरवा."

मुलीने ठरल्याप्रमाणे बापाचा टेप हातात घेतला. भंगारात घालायला म्हणूनच घेतला असेल. पण चौथ्या रांगेच्या पहिल्या जागेवर गेली आणि शून्याचं टोक धरून कडेला उभी राहिली.

"आई काय म्हणायची?"

"दार उघडलं म्हणायची."

"दार उघडलं," ती म्हणाली. पुढचं तिला येत नव्हतं. "मग?"

"पायरी. खुर्ची."

"चहा?"

"चहा."

"मग हो की पलीकडे. मी काय दिवसभर उभी राहू?"

तो टेप सोडत पलीकडे गेला. खुंटी ठोकली. हातोड्याचा दणका मनगटातून कोपरापर्यंत चढला, आणि तो त्याला जाणवला. तेवढाच. मग पुढची जागा.

तेव्हा कधी एखाद्या तळावर एका रांगेचा बाण बाकीच्यांच्या उलटा दिसला, तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. रंगाऱ्याला अक्कल नव्हती, असंही म्हणू नका. गुपचूप खालच्या तोंडाने गाडी आत घ्या, आणि झाडं मागच्या खिडकीतून बघा.