काकांच्या पुंगळ्या

गायकवाड काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हाउन्सलोला नणंदेकडे होते, माझ्या लेकीला, ओवीला भरवत होते, आणि खोटं कशाला सांगू, आधी रडू नाही आलं, आधी मनात आलं की त्यांना कळलं होतं का... मीच सांगितलं ते. पाच आठवडे झाले, डोक्यात तेवढंच आहे. आमच्या ह्यांनाही बोलले नाहीये, हे लिहितेय ते इथंच वाचतील.

काका नात्यातले नव्हते. इथं इंग्लंडात, बेसिंगस्टोकला त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्यात. खाली ते एकटे, काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मेडनहेडला. तरुणपणी फौजेत बंदुका दुरुस्त करायचे, मग इथं कारखान्यात नोकरी करून रिटायर झाले. पहिल्या दिवशी मला जयभीम घातला आणि म्हणाले घर आपलंच समज, फक्त बागेतल्या शेडमध्ये यायचं नाही. आता असं म्हटल्यावर माणसाच्या मनात काय येणार? शेडला दोन कुलपं, आतून दुपारभर खट् खट् आवाज. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं खिडकीतून बघितलं तर सोनाराकडे असतो तसला काटा, आणि काडतुसांच्या पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या रांगेनं उभ्या, काका त्यात दारू भरून गोळ्या करत होते. आपण व्हिसावरची माणसं, मी दहावीला दोनदा बसलेली, काही झालं तर मला कोण विचारणार...

त्यांनी बघितलं मला, आणि हसले. लायसन दाखवलं. क्लबात नेमबाजीला जातात, उडवलेल्या पुंगळ्या गवतातून वेचून आणतात, त्याच परत भरतात, पोलीस येऊन सगळं तपासून गेलेत. म्हणाले, "फौजेतली आमची रायफल सेमी-ऑटोमॅटिक होती. स्वतःच गिळायची, स्वतःच थुंकायची. भरलेली गोळी केसभर चुकली तरी अडकणार, नाहीतर तोंडावर फुटणार. इथं तसली ठेवू देत नाहीत, इथं एकेक हातानं सारायची. पण भरताना मी अजून तिलाच घाबरतो." मध्ये कुणी हाक मारली तर हातातली गोळी ओतून टाकून पहिल्यापासून करायचे, म्हणून आत येऊ नको म्हणायचे. मी हो म्हटलं. पण सगळं लायसनचं, तर दोन कुलपं कशाला, हे मनातून जाईना.

मग ते झालं. काका क्लबातून येऊन सोफ्यावर बसलेले, ओवी त्यांच्या पायाशी रांगत होती. पँटीच्या खालच्या दुमडीत एक पुंगळी अडकून आली होती, ती हिनं काढली आणि तोंडात. काकांनीच आधी बघितलं, बोट घालून काढली, म्हणाले तोंड धू तिचं आधी, शिसं असतं त्यात. मला फक्त शिसं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले काही नाही झालेलं. पण मी त्या दिवसापासून ओवीला खाली सोडायचीच बंद केली.

दुसऱ्या आठवड्यात बाळांना बघायला येते ती नर्स आली, विचारलं घरात सगळं सेफ वाटतं ना. माझं इंग्लिश ते केवढं. मी म्हणाले, "अंकल मेक बुलेट. बेबी ईट." लायसन आहे, पुंगळी रिकामी होती, हे काही सांगताच आलं नाही. तिचं पेन थांबलं.

दोन दिवसांनी पोलीस आले, नीट बोलले, चौकशी होईपर्यंत रायफली आणि दारू घेऊन गेले. काकांच्या हातात एक पत्र दिलं. पुंगळ्या तेवढ्या राहिल्या, त्यांना लायसन लागत नाही. मी जिन्यात ओवीला घेऊन उभी. संध्याकाळी चहा घेताना काकांनी विचारलं, "कुणी केलं असेल गं हे?"

मी म्हटलं, "शेजारचा असेल. कुंपणावरनं भांडत होता ना."

काका म्हणाले, "असेल." आणि बिस्कीट बुडवलं चहात.

त्यानंतर क्लब बंद, तरी शेडमध्ये बसून रिकाम्या पुंगळ्या पुसत राहायचे. आत यायच्या आधी बागेतल्या नळावर शिशाचे हात धुवायचे, कोपरापर्यंत, एवढ्या थंडीत, घरात गरम पाणी असताना. मी ओवीला कडेवर घेऊन असायचे, मग दारात उभे राहून दोन्ही तळवे मला दाखवायचे, उलटे-सुलटे, मी बघितल्याशिवाय पाय आत टाकायचे नाहीत. मला वाटायचं टोमणा मारतायत, मी नजर चुकवायचे. वाटायचं आता खोल्या सोडा म्हणतील...

हार्ट अटॅकनं गेले. मुलगा कागद आवरायला आला, तेच पत्र वाचून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, यात लिहिलंय घरातल्या लहान बाळाच्या काळजीमुळे. घरात बाळ एकच आहे. काकांना इंग्लिश माझ्यासारखं नव्हतं, चांगलं येत होतं. म्हणजे चहाच्या वेळी त्यांना माहीत होतं. माहीत असून विचारलं. मी सांगावं म्हणून विचारलं, का मी किती खोटं बोलते बघायला... मला अजून ठरवता येत नाही.

परवा ओवीला बागेतून आत घेत होते, तर उंबऱ्यावर अडून बसली. नळाकडे बोट. हात धुतले तिचे. मग दोन्ही तळवे पुढे केले, उलटे-सुलटे, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

मी बघितले.