आप्पांचा डग्गा हरवला तेव्हा

चार मराठी माणसं गाणं ऐकायला बसली की गाणं तासाभरात संपतं, किस्से मात्र वर्षभर पुरतात. लेस्टरला आप्पा जोगळेकरांकडे आमची रविवारची बैठक असायची. मी जन्मभर कौन्सिलवाल्यांशी भांडून बातम्या आणल्या; पण एवढा मालमसाला एका जुन्या स्पीकरनं दिला!

*

आप्पांचे स्पीकर सत्तरच्या दशकातले. प्रत्येकात खाली एक पॅसिव्ह रेडिएटर. म्हणजे वायर नाही, मॅग्नेट नाही, नुसता कागदी पडद्याचा कोन. वरचा स्पीकर वाजला की पेटीतल्या हवेनं तो हलतो आणि खर्ज देतो. वयामुळे आप्पांना बारीक आवाज ऐकू येईनात. तबल्यातला डग्गा तेवढा पोचायचा, तोही या कोनांच्या कृपेनं.

दसऱ्याला आप्पांच्या पत्नी सुमनवहिनींनी घरातल्या यंत्रांची पूजा केली. टोस्टरला हळदकुंकू, बॉयलरला हळदकुंकू, मग स्पीकरला. कडेच्या फोमचा आधीच भुगा झालेला. बोट थेट आत, कोन टरकन फाटला!

आप्पा ओरडले. वहिनी शांत. "टोस्टरनं काही तक्रार केली नाही हो!"

आप्पांनी स्पीकरांवर चादर टाकली. "डग्गा नाही, तर रविवारही नाही."

*

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, ते मॉडेल बंद झालं. नवीन घ्या."

माझं डोकंच फिरलं. "तुमची आजी आजारी पडली की नवीन घेता का?"

"एक मिनिट, सुपरवायझरना विचारतो," म्हणाला, आणि होल्डवर टाकून जेवायला गेला असावा!

*

मग कॉव्हेंट्रीचा दुरुस्तीवाला. फाटका कोन उलटसुलट केला, मीटर लावला आणि मान हलवली. "डेड आहे. कॉइल गेली."

"अहो, याला कॉइल नसतेच!" मी म्हटलं.

"मग याहून डेड काय असतं?"

*

आप्पांची लेक केतकी इथंच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं, लंडनच्या स्टॅनमोरला सॉलिसिटर. एका शनिवारी तिचा फोन. "आप्पा, तुमची कोन भेटला!"

इंटरनेटवर कुणीतरी जाहिरात टाकली होती: 'स्पीकर युनिट, आवाज येत नाही, मॅग्नेट कुणीतरी काढून नेला आहे. फुकट न्या.' तेच मॉडेल!

आम्ही गाडी काढून गेलो. मालक बिचारा माफी मागत होता, की असा मोडका माल देतोय. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर आप्पांनी कोपर मारलं. "रिपोर्टर, आज सुट्टी घ्या!"

*

जानेवारीतल्या रविवारी कोन बसवला. चादर निघाली, रेकॉर्ड लागली. पहिला डग्गा घुमला आणि आप्पांनी डोळे मिटले. "आला!" एवढंच म्हणाले. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या मार्गारेटबाई. गुडघ्यांमुळे त्या सहसा घराबाहेर पडत नाहीत. पण दोन्ही घरांची भिंत एकच. मी बाह्या सरसावून पुढं झाले. "आवाजाची तक्रार असेल तर आधी माझ्याशी बोला!"

"तक्रार नाही हो. तीन महिने भिंत गप्प होती. मला वाटलं, मिस्टर जोगळेकर गेले. आज आवाज आला, म्हटलं मिसेस जोगळेकर घरी असतील."

त्यांच्या हातात पाकीट होतं. आप्पा उठून दाराशी आले. बाई दचकल्या, पाकीट लपवायला गेल्या. पण आप्पांनी ते हळूच काढून घेतलं. आत काळ्या कडेचं कार्ड, 'तुमच्या दुःखात सहभागी'. आप्पांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली,

"अगं, तुझं टपाल आलंय!"