मोठ्या आचेवरची मामी

वाटूरची लाइट गेली की आमच्या मामीला दोन तारा जोडाव्यात, निम्मं गाव सहज उजळेल, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. मामी झाडायला लागली की केर घाबरून स्वतःच उंबऱ्याबाहेर जायचा. कापूस वेचायला उतरली की बाकीच्या बायका अजून पदर खोचत असायच्या आणि ही पलीकडच्या बांधावरून ओरडायची, "या की जल्दी, झोपा काढून राह्यल्या का?" ऐन थंडीत आम्ही गोधडीतून नाकसुद्धा बाहेर काढत नसू, तेव्हा मामीच्या खोलीत कूलर घरघरत असायचा आणि त्याच खोलीत मामा कानटोपी, मफलर आणि स्वेटर अशा जामानिम्यात मुकाट्याने संसार करायचे. तिचं जेवण पाहून तालमीतल्या पैलवानांनी लाजावं. तरी बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. एवढं खाल्लेलं जातं कुठे, हे कोडं आम्ही 'तिच्या माहेरचं पाणीच तसं' असं म्हणून सोडवून टाकलं होतं. माहेर कुंभार पिंपळगावचं. त्या गावच्या पाण्याला आमच्या घरात फार मान होता.

एकदा सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी कथेच्या मध्यावर होते आणि मामीने प्रसाद वाटायला सुरुवात केली. गुरुजी कळवळून म्हणाले, "वहिनी, अजून साधुवाण्याची नाव बुडायची आहे!" मामी द्रोण भरता भरता म्हणाली, "बुडू द्या की. शिरा गार व्हायलाय त्याचं काय?" गुरुजींनी पुढचे अध्याय ज्या वेगाने उरकले, त्या वेगाने ते पुन्हा कधी कुणाच्या घरी उरकले नसतील. आम्ही सगळे हसलो. गाव तिच्या झपाट्याचं कौतुक करायचं आणि मामीही त्या कौतुकावर खूश असायची. तिचे हात सारखे थरथरतात, डोळे मोठे दिसायला लागलेत, हे दिसत सगळ्यांना होतं. पण तेही आम्ही झपाट्यातच जमा केलं.

मग एका बाजाराच्या दिवशी मंठ्याला मामी वांगी निवडायला उकिडवी बसली आणि तिला उठताच येईना. मांड्यांत जोरच नाही. मी सोबत होतो. हात धरून उठवलं, तर तिच्या मनगटात नाडी टिपरीसारखी वाजत होती. "गुडघ्यांनी ऐन बाजारात दगा दिला बघ," ती चिडून म्हणाली. भीती नव्हती, नुसता राग. मी जालन्याला नोकरीला असल्यामुळे तिथल्या एका डॉक्टरांकडे तिला नेलं. मामाही आले. डॉक्टरांनी मान चाचपली, तिच्या पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा हलू लागला. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर ते म्हणाले, "थायरॉईड आहे."

"मला?" मामी खवळली. "अहो, थायराईड जाड्या बायांला असतो! माझ्याकडं बघा की."

"तो कमी पडतो तेव्हा. तुमचा जास्त झालाय." डॉक्टर समजावून सांगणारे होते. "शरीराच्या पेशीपेशीत बारीक चुली असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. अन्न जाळून ताकद आणि ऊब तिथे तयार होते. चुली किती मांडायच्या, आच किती ठेवायची, हा हुकूम गळ्यातल्या ह्या ग्रंथीचा. तुमची ग्रंथी सगळीकडे मोठी आच करा म्हणत सुटलीय. हृदय ऐकतं, म्हणून धडधड. यकृत साठवलेलं सगळं भराभर बाहेर काढतं. मांड्यांचे स्नायू तर ऐकता ऐकता स्वतःच झिजायला लागले. मोठ्या माणसाच्या मेंदूची आच मात्र ह्या हुकमाने फारशी वाढत नाही."

"तरी म्हणलं..." मामा पुटपुटले.

"म्हंजे डोकं तेवढं माझं सोताचं हाय," मामीने त्यांना तिथेच थांबवलं. पण डॉक्टर हसले नाहीत. असंच चाललं तर हृदय थकेल, गोळ्या चुकवू नका, असं त्यांनी बजावलं.

परतीच्या बसमध्ये मामी खिडकीबाहेर बघत होती. रामनगर मागे गेल्यावर एकदम म्हणाली, "मंग इतके दिवस काम मी केलं का त्या गळ्यातल्या गाठीनं?"

"तूच केलंस, मामी."

"मंग गोळी खाऊन ते बंद काहून करायचं?"

घरी गेल्यावर तिने गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्या, पाकिटाला हळदकुंकू वाहिलं, आणि एकही घेतली नाही. देवाला पोचल्या म्हणजे झालं, असा तिचा हिशेब. थोड्या दिवसांनी ओट्याची पायरी चढताना तिला खांब धरावा लागला. ते मामांनी पाहिलं. जन्मात आवाज न चढवलेला तो माणूस गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. "काम व्हईल न्हाईतर पडून ऱ्हाईल. तू ऱ्हायली पायजे," एवढंच म्हणाले. मामी इतकी चकित झाली की तिने गोळी गिळून टाकली आणि नंतर तिच्या ते लक्षात आलं.

परवा दिवाळीत गेलो. मामी अंगाने भरली आहे, नाडी जागेवर आहे. ओट्यावर मामा त्यांच्या लहानपणी विहिरीत म्हैस पडल्याची गोष्ट सांगत होते. गोष्टीतली म्हैस वर येईपर्यंत त्यांचे दोन चहा झाले आणि मामी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मामा गोठ्याकडे गेल्यावर मी हळूच विचारलं, "आधीच्या मामीची आठवण येते का गं?"

"येते ना. लई कामाची होती ती बाई," ती म्हणाली. "पण ती ह्यांच्यासंगं इतकी वर्षं राह्यली, अन् हे इतकं चांगलं बोलतेत हे तिला कव्हा कळलंच न्हाई."