घर एकाच्याच नावावर

वकीलबाईंचा तो मेल मी वाचला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर बरेच महिने मी इतरांना, आणि अधूनमधून स्वतःलाही, वेगळंच सांगत होतो. मेलमध्ये त्यांनी सरळ विचारलं होतं, फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर घ्यायचा की मॅडमच्या आणि तुमच्या? दोघांच्या असेल तर मॅडमचे कागद पाठवा आणि एकदा त्यांच्याशी माझं बोलणं करून द्या. ऑफिसच्या पँट्रीत चहाचा कप हातात धरून मी तो मेल शेवटपर्यंत वाचला आणि उत्तर पाठवलं, ‘नोटेड विथ थँक्स. प्लीज प्रोसीड.’

इथल्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर हे वाक्य माझी बोटं आपणहून टाइप करतात. उद्या कुणी मेलवर माझ्याच निधनाची बातमी कळवली तरी मी ‘नोटेड विथ थँक्स’ लिहीन. पण त्या दिवशी दोष बोटांचा नव्हता, कारण पाच मिनिटांत वकीलबाईंचा फोन आला.

“सर, प्रोसीड म्हणजे काय समजू? एकट्याच्या नावावर?”

“हो, सध्या तसंच करा. मिसेस जरा बिझी असतात.”

“त्यांच्याशी बोललात ना पण?”

“बोललोय की,” मी म्हणालो. मी बोललो नव्हतो.

गंमत म्हणजे वकील करायचा, ही कल्पनाच बायकोची. आम्ही शारजात अल नहदाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधला एक दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला होता. एजंटचं म्हणणं, “सर, लॉयर का क्या काम? मैं सब कर दूँगा, इन्शाल्ला.” मला ते लगेच पटलं. जिथे फी द्यावी लागत नाही तिथलं मला सगळंच लगेच पटतं. बायको मात्र म्हणाली, “अहो, तो विकणाऱ्याकडूनही कमिशन घेणार आणि आपल्याकडूनही. आपल्या बाजूचं कोण आहे यात?” ती एका क्लिनिकमध्ये इन्शुरन्सचे क्लेम बघते. कुठल्या कागदात काय दडलेलं असतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तिथल्याच एका नर्सकडून तिने या वकीलबाईंचा नंबर मिळवला. घरखरेदीचे व्यवहार तपासायचे, कागद तयार करायचे आणि नावावर होईपर्यंत सोबत राहायचं, एवढंच काम त्या करत.

नंबर तिने मिळवला, मुलाखत मात्र मी घेतली. आतापर्यंत किती व्यवहार केलेत, अडचण आली तर काय करता, असलं काही विचारायचं सोडून मी पहिला प्रश्न टाकला, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” त्या वसईच्या निघाल्या. झालं, माझी निवड पक्की! आपलं माणूस मिळालं. आपलं माणूस म्हणजे वाटेल तेव्हा फोन करायचा आणि फीचा विषय निघाला की हसायचं, अशी माझी समजूत. फीचा आकडा दिरहॅममध्ये बरा वाटला होता, पण मी त्याचे मोठ्याने रुपये केले आणि ‘बापरे’ म्हणालो.

“सर, थोडं कमी करते,” त्या म्हणाल्या, “पण प्रश्न कमी विचारणार नाही हां.”

आणि प्रश्न त्यांनी खरंच कमी केले नाहीत. एजंटने लिफ्टसमोरचं जे पार्किंग दाखवलं होतं ते या फ्लॅटचं नव्हतंच, फ्लॅटचं पार्किंग खाली कोपऱ्यात खांबाला चिकटून होतं. हे त्यांनी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन शोधून काढलं. करार आठवडाभर लांबला तेव्हा मी घरी कुरकुरलो, “या बाई फारच खोलात जातात.” बायको म्हणाली, “त्यासाठीच तर ठेवलंय त्यांना.”

मग तिचं नाव मी का लावलं नाही? कारण म्हणून मी बरंच काही सांगत आलो. तिला रजा मिळत नाही, तिचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलाय, नंतर नाव वाढवता येतं. पासपोर्ट खरोखरच गेला होता. पण दोन आठवड्यांत परतही आला होता. खरं कारण मला आजही लिहायला जड जातं. मालकीच्या कागदाचा फोटो गावच्या चुलतभावांच्या ग्रुपवर टाकायचा, आणि त्यावर एकट्या माझं नाव असायचं, हे चित्र मी मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात दुसऱ्या नावाला जागाच उरली नव्हती. पन्नाशीला टेकलेला, मधुमेहाची गोळी घेणारा माणूस फोटोवर किती अंगठे येतील याचा विचार करत होता.

बायकोने कधी विचारलं नाही, कारण तिला ते विचारण्यासारखं वाटलंच नव्हतं. फ्लॅट आमचा होता. तिची बचत त्यात होती, स्वयंपाकघरातली खिडकी पाहून पसंती तिने दिली होती. करारावर मी ऑफिसातून परस्पर सही केली होती, तो कागद तिने पाहिलाच नव्हता. नावावर करून घ्यायच्या दिवशी तिने अर्धा दिवस रजा टाकली, मुलीलाही शाळेतून लवकर आणलं. नवी साडी, पेढ्यांचा डबा. गाडीत तिने विचारलं, “अहो, सही पासपोर्टवर आहे तशीच करायची ना? की पूर्ण नाव लिहायचं?”

मी रस्त्याकडे बघत म्हणालो, “सांगतील तिथे.”

मालमत्ता नोंदणीच्या त्या ऑफिसात टोकन घेऊन बसायचं असतं. फ्लॅट विकणारं जोडपं आधीच आलं होतं. त्यांना त्याच संध्याकाळी विमान पकडून कायमचं मायदेशी परतायचं होतं. आमचा नंबर लागला, दोघं काउंटरपाशी गेली, आम्हीही गेलो. पर्समधून पेन काढत बायको पुढे झाली. क्लार्कने स्क्रीनवर पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, आप वहाँ सोफे पे बैठिए. बायर एक ही है.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात खरं बोलता आलं असतं. मी वकीलबाईंकडे वळलो आणि म्हणालो, “मॅडम, हिचं नाव राहिलं वाटतं तुमच्याकडून?”

वकीलबाई बायकोला म्हणाल्या, “आज थांबवता येईल, मॅडम. करार नव्याने करावा लागेल, बिल्डरचं ना-हरकत पत्र पुन्हा घ्यावं लागेल. काही आठवडे जातील.”

“नको,” बायको म्हणाली. “यांना विमान गाठायचंय.” आणि ती जाऊन सोफ्यावर बसली.

विकणाऱ्या जोडप्याने एकामागून एक सह्या केल्या. नवरा सही करताना त्याच्या बायकोने त्याचा चष्मा धरला होता. मग मी सही केली, एकट्याने. माझ्या बायकोने मात्र उठून सगळ्यांना पेढे वाटले. क्लार्कलाही दिला, वकीलबाईंनाही दिला. पार्किंगमध्ये मुलीने विचारलं, “सो इट्स ओन्ली बाबाज हाउस?” मी गाडीचं दार उघडलं. कागदाचा फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. आपण फार मोठा त्याग केला असं मला तेव्हा वाटलं, यावरून माझी कल्पना यावी.

आम्ही राहायला गेलो. बायको भांडली नाही. भांडली असती तर मी भांडून घेतलं असतं, ते मला येतं. तिने फक्त एक शब्द बदलला. “तुमच्या फ्लॅटचा एसी गळतोय.” “तुमच्या बाल्कनीत कबुतरं शिरलीत.” आवाजात टोमणा नव्हता, माहिती दिल्यासारखं म्हणायची. पाहुणे आले आणि घर छान आहे म्हणाले की ती माझ्याकडे बोट करायची, “यांचं आहे.” पाहुणे हसायचे, मी पाणी आणायच्या निमित्ताने उठायचो. त्या दिवसांत मी फार पाणी आणलं.

एकदा जेवताना ती म्हणाली, “आमच्या क्लिनिकमधल्या दोघी घर घेतायत. मी सांगितलं त्यांना, त्या वसईच्या बाईंकडे नका जाऊ. बाई चांगली आहे, पण मुख्य गोष्टच विसरली.”

माझं खोटं आता एका बाईच्या पोटावर पाय देत होतं.

मी बायकोला न सांगता वकीलबाईंना भेटायला गेलो. म्हणालो, “मिसेसचं नाव लावायचंय. काय करता येईल?”

“अर्धा हिस्सा त्यांना गिफ्ट करता येईल,” त्या म्हणाल्या. “नवराबायकोत सोपं असतं ते. पण त्यांना यावं लागेल. आणि आधीच का नाही लावलं, असं त्यांनी मला विचारलं तर?”

“राहून गेलं म्हणा.”

“कोणाकडून?”

मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो.

“सर, त्या दिवशी मी गप्प बसले, कारण माझे क्लायंट तुम्ही होता. क्लायंटला चारचौघांत तोंडघशी पाडायचं नसतं. पण चूकही माझीच, मॅडमशी बोलल्याशिवाय मी पुढे जायला नको होतं. तुमच्या शब्दावर गेले. आता त्या माझ्या क्लायंट होणार. त्यांना मी खोटं सांगणार नाही.”

मी म्हणालो, “मीच सांगतो.”

“घरी सांगणार की इथे?”

घरी सांगितलं असतं तर मी ते गोल करून सांगितलं असतं, हे त्यांनी ओळखलं असावं. म्हटलं, “इथेच. तुमच्यावर आळ घेतला तो तुमच्यासमोरच घेतला होता.”

शनिवारी बायकोला घेऊन गेलो. तिला एवढंच माहीत होतं, की नावाचं काहीतरी करायचंय. ती वकीलबाईंशी जेवढ्यास तेवढं बोलली आणि खुर्चीत ताठ बसली. वकीलबाईंनी कागद पुढे ठेवले नाहीत. त्या नुसत्या थांबल्या.

मी वाटेत गाडीत जे पाठ केलं होतं त्यात ‘गैरसमज’ हा शब्द दोनदा आणि ‘घाईगडबड’ एकदा होता. यातलं काहीच तोंडातून निघेना. शेवटी बायकोच म्हणाली, “अहो, बोला ना काहीतरी. बाईंचा वेळ जातोय.”

“या विसरल्या नव्हत्या,” मी म्हणालो. “यांनी मला मेलवर विचारलं होतं, फोन करूनही विचारलं होतं. मी ते वाचलं होतं. तुझ्याशी बोललोय असं खोटं सांगितलं. माझं एकट्याचंच नाव मला हवं होतं. आणि त्या दिवशी तुझ्यासमोर ते यांच्यावर ढकललं. मॅडम, मला माफ करा. आणि तू... तुला सोफ्यावर बसायला मी लावलं. क्लार्कने नाही, मी. माझं चुकलं.”