फ्रँक सरदाराच्या नादाने नाशिकला

नव्वदच्या दशकातली ही सहल एका परदेशी सरदारामुळे झाली. मी वाशीच्या कॉलेजात इतिहास शिकत होते आणि युरोपातल्या फ्रँक नावाच्या जमातीतल्या एका सरदाराच्या घराण्यावर टिपण लिहायचं होतं. बाराशे वर्षांपूर्वीचा माणूस, ना आडनाव, ना चित्र. मठातल्या साधूंनी प्रार्थनेसाठी त्याच्या वाडवडिलांची नावं वहीत लिहून ठेवली, म्हणून वंश कळला. सर म्हणाले, "आपल्याकडे नाशिकच्या उपाध्यांकडे तीर्थाला येणाऱ्या घराण्यांच्या अशाच वह्या असतात."

मला आमचंच घराणं आठवलं. नेरूळच्या आमच्या दारावर माझ्या वडिलांचं, आप्पांचं, नाव नुसतं 'सदाशिव साळुंखे' होतं, मधे बापाचं नाव नाही. आप्पा मार्केटात पोती उचलायचे. ते सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील साताऱ्याकडचं गाव सोडून गेले, ते परतलेच नाहीत. "आमाला इसरला त्यो, त्याचं नाव कशाला लावू?" एवढंच ते म्हणत. तरी मी नाशिकला निघाले तेव्हा, एकटीला कशाला धाडायचं म्हणून सोबत आले.

ठाण्याहून सकाळची एसटी धरली. कसारा घाटात धुकं होतं. इगतपुरीला गरम भजी खाल्ली, आप्पांनी माझ्यातलीही दोन उचलली. तुम्ही जाणार असाल तर मूळ गाव आणि आडनाव पाठ करून जा, त्यावरूनच उपाध्ये सापडतात. रामकुंडावर एका उपाध्यांनी गाव विचारल्यावर आप्पा ऐटीत म्हणाले, "नेरूळ."

"ते राहायचं झालं, काका. मूळ कुठलं?"

साताऱ्याकडचं गाव सांगत फिरलो, तेव्हा चौथ्या उपाध्यांच्या घरी वही निघाली, लांबट, पिवळी. उपाध्यांनी बोट ठेवलं आणि मी वाचलं: रामचंद्र गणू साळुंखे, मुक्काम मुंबई, चि. सदाशिव. खाली अंगठा. साल बघितलं, तर आजोबा घर सोडल्यानंतर चार वर्षांनी इथे आलेले.

आप्पांना वाचता येत नव्हतं. "परत वाच," म्हणाले. तीनदा वाचलं.

"म्हंजी ध्यानात हुतो मी."

आजोबा का गेले ते वहीत नव्हतं. पण माझा एरवी दगडासारखा बाप कुंडाच्या पायरीवर बसून रडला, आणि मला तो फार आवडला. मग शेजारच्या टपरीवर आम्ही मिसळ खाल्ली.

टिपणाला किती मार्क पडले ते विसरले. घरी आल्यावर पहिल्याच सुट्टीला आप्पांनी पाटीवाला पेंटर बोलावला. पूर्ण नाव ऐकून तो म्हणाला, "काका, सदाशिव रामचंद्र साळुंखे एवढ्यात नाय मावणार. मधलं काढू?"

"मधलं ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "पाटी मोठी आन."