मोडलेल्या कानांचा फोटो

वडूजच्या तालमीत कुस्ती खेळून माझे दोन्ही कान मोडलेत. स्थळं यायची, कान बघायची आणि आईला सांगून जायची, पोरीची कुस्ती बंद करा. वैतागून मी घरात ठोकून दिलं, माझं साताऱ्याच्या फोटोग्राफरशी जमलंय. तो मैदानात कुस्त्यांचे फोटो काढायचा, एवढीच ओळख. त्याला म्हटलं, "राज्य स्पर्धा होईपर्यंत खोटं खोटं व्हय म्हण." तो हसून तयार झाला. मग त्याच्या गाडीवर मागं बसून मी मुद्दाम भर बाजारातून फिरले.

पण आत्या हटून बसली, जमलंयच तर पाहुण्यांना दाखवायला दोघांचा फोटो काढा. तिनं मला साडी नेसवली आणि केस मोकळे सोडून कान झाकले. त्यानं कॅमेरा खाली ठेवला.

"कान झाकून मी फोटो काढणार न्हाई."

"आरं, लोकं काय म्हणतील?" आत्या उसळली.

मी केस करकचून वर बांधले. त्यानं टायमर लावला आणि शेजारी येऊन उभा राहिला. त्या दिवशी आमचं खोटं संपलं.

लग्नपत्रिकेवर तोच फोटो छापला. ज्यांना माझे कान खुपले होते, त्यांच्या घरी पत्रिका द्यायला मी स्वतः गेले, केस वर बांधून.